मिरचीचं बी, धोत्र्याचं बी

ज्यांना बसमध्ये, ऑफिसात किंवा रेंज नसलेल्या शेतात एपिसोड ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते गाळलंय. मागे शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकत होतं, तेही गाळलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज विषबाधेबद्दल बोलायचंय. आत्ता या क्षणी तुमच्यासमोर कुणाला तसं काही झालं असेल तर हे वाचत बसू नका, १०८ लावा. बाकीच्यांनी निवांत वाचा.

तर, २००६ सालचा उन्हाळा. मी आठ-नऊ वर्षांचा. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गपासून आत. मसाल्याचे दिवस होते. अंगणात बाजेवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, घरात येसराची भाजणी चाललेली. येसर माहीत नसलेल्या पुणे-मुंबईकरांसाठी: धान्य, डाळी आणि खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी होते. त्याच्याशिवाय आमच्याकडे लग्नाची पंगत उठत नाही.

मिरचीची देठं काढताना बी झडतं. ते कुणी फेकत नाही. पुडीत बांधून ठेवतात आणि कारळाच्या चटणीत भाजून टाकतात. माझ्या काकूनं त्या मंगळवारी तेच केलं. सैपाकघराच्या कोनाड्यात वर्तमानपत्राच्या दोन पुड्या होत्या. एक मिरचीच्या बियांची. दुसरी आमच्या आजोबांची. आजोबांना दमा होता, आणि दम्यावर धोत्र्याची वाळलेली पानं चिलमीत ओढायची ही त्यांची जुनी सवय. पानांबरोबर बीही जमवून ठेवलेलं. काकूनं कुठली पुडी उचलली ते तुम्हाला कळलंच असेल.

चटणी दादानं खाल्ली. माझा चुलतभाऊ, तेव्हा पंधरा वर्षांचा. भाकरीबरोबर खाल्ली, वर परत मागून घेतली. काकूनं चाखलीसुद्धा नाही, कारण मंगळवार, तुळजाभवानीचा उपवास. हा उपवास लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडणार आहे.

तासाभरात दादाला तहान लागली. तांब्यावर तांब्या पाणी. मग पाणी घशाखाली उतरेना. तोंड लालबुंद, अंग तापलेलं, पण घामाचा एक थेंब नाही. उठून चालायला लागला तर पिलेल्या माणसासारखा. त्याच्या डोळ्यांकडे बघून मला भीती वाटली, बुबुळाचा रंगच दिसत नव्हता, नुसती काळी बाहुली. आणि मग तो बाजेवर बसून बोटांच्या टोकांतून दोरे ओढायला लागला. दोरा नव्हताच. पण तो अगदी मन लावून ओढत होता, गुंडाळत होता, कुणाशी तरी बोलत होता.

आजी म्हणाली, "बाहेरचं दिसायलंय हे."

मग शेजारच्या वस्तीवरचा जाणता माणूस, लिंबू, अंगारा. त्यात तीन तास गेले. शेवटी काकांनी जीप काढली आणि सोलापूर गाठलं. जीपमध्ये कुणीतरी, कोण ते मला आजही सांगत नाहीत, सहज म्हणून गेलं, "धोत्रा घातला असंल रं कुणी." आणि जीपमधल्या सगळ्यांनी काकूकडं बघितलं. सैपाक तिचा, वाढलं तिनं, आणि खाल्लं नाही तिनंच.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" काका म्हणाले, "वांग्याची भाजी, भाकर." चटणीचं नाव कुणी काढलं नाही.

हे खोटं का बोलावंसं वाटलं, त्या प्रश्नापाशी मी बरीच वर्षं अडकून होतो. आमचे काका काही खोटारडे नाहीत, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा समोर पडला होता. इतिहास वाचायला लागल्यावर मला उत्तर सापडलं असं वाटतं. आपल्याकडे ‘धोत्रा’ हा शब्द उच्चारला की आधी गुन्हा आठवतो. अपघात आठवतच नाही. ही सवय किमान साडेचारशे वर्षं जुनी आहे.

सुरुवात गोव्यापासून. १५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ऑर्टा, पेशानं वैद्य, आयुष्याची तीसेक वर्षं इकडेच काढलेला. इथल्या औषधी वनस्पतींवर संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक. म्हणजे एका अर्थानं पॉडकास्टच: दोन माणसं बोलतायत, एक विचारतो, एक सांगतो. त्यात धोत्र्यावर एक प्रकरण आहे. बोलणं चालू असतानाच निरोप येतो की एका घरातल्या गुलाम बाईला कुणीतरी धोत्रा पाजला, तिच्याकडच्या किल्ल्या घेतल्या आणि दागिने पळवले. ऑर्टा तिला तपासतो. काहीही विचारलं तरी ती हसते. तो उलटी करवतो, एनिमा देतो, आणि सांगतो की साधारण एका दिवसात माणूस भानावर येतो.

मला ज्ञात असलेल्या आपल्या भागातल्या धोत्र्याच्या नोंदींपैकी ही सगळ्यात जुन्या नोंदींतली एक, आणि त्यात इमर्जन्सीचे उपचार आहेत. पण प्रकरण चोरीचं आहे. त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोटेन या डच माणसानं तर लिहिलं की तिकडच्या बायका नवऱ्याला धोत्रा पाजून आपल्या प्रियकरांना भेटतात. त्याचं पुस्तक १५९६ साली निघालं आणि युरोपभर खपलं. यातलं खरं किती आणि खलाशांच्या गप्पा किती, देव जाणे. मला त्यात वेगळंच दिसतं: इथंही संशय जेवण वाढणाऱ्या बाईवरच.

आता आमच्या नळदुर्गाकडे येऊ. सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता नळदुर्ग, उमरगा करत जातो. या पट्ट्यात निजामाच्या नोकरीत एक इंग्रज तरुण पोलीस अधिकारी म्हणून फिरत होता, १८२० च्या दशकाच्या शेवटी. फिलिप मेडोज टेलर. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली आली आणि ‘ठग’ हा आपला शब्द इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला. पुढे १८५३ साली निजामानं इंग्रजांना काही जिल्हे तोडून दिले, त्यात आपला भाग गेला. त्याचा डेप्युटी कमिशनर म्हणून हाच टेलर नळदुर्गला येऊन राहिला, १८५७ पर्यंत. त्याची ‘तारा’ नावाची कादंबरी तर तुळजापूरच्या मुलीचीच आहे. त्याला एक सल होती. ऐन तरुणपणी या पोलीस कामावरून पलटणीत परत बोलावलं नसतं तर ठगांचा छडा आपणच पहिल्यांदा लावला असता, असं त्याचं म्हणणं. ते श्रेय गेलं स्लीमनकडे.

टेलरचे ठग रुमालानं गळा आवळणारे. पण रस्त्यावर आणखी एक जमात होती, वाटसरूंशी ओळख काढून, एकत्र चूल मांडून, पिठात किंवा मिठाईत धोत्रा कालवणारी. स्लीमनच्या १८४४ च्या पुस्तकात ठग आणि विषप्रयोग करणारे यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यातल्या एका फकिराची गोष्ट वाचून मी लॅपटॉप मिटवला होता. त्याच्याकडची एक घोंगडी चोराच्या मनात भरली. बापलेकाला धोत्रा घातला गेला. बाप वाचला, पोरगा गेला. घोंगडीसाठी.

गळा आवळणारे ठग संपले, पण धोत्रावाले संपले नाहीत. सरकारनं त्यांनाही ठगांच्याच रांगेत बसवलं. त्यातून धोत्र्याचा अभ्यास सुरू झाला, आणि तो केला पोलीस आणि न्यायवैद्यक डॉक्टरांनी. कलकत्त्याच्या नॉर्मन चेव्हर्सचं जाडजूड पुस्तक १८५६ चं. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा आणि सरकारचा केमिकल अ‍ॅनालायझर असलेला लायन, त्याचंही न्यायवैद्यकावरचं पाठ्यपुस्तक १८८० च्या दशकाच्या शेवटी निघालं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३२८ आलं, गुन्हा करण्याच्या हेतूनं विष किंवा गुंगीचं औषध देण्याबद्दल. आजच्या न्याय संहितेत तेच कलम १२३ आहे.

म्हणजे बघा. बी कसं ओळखायचं, लक्षणं कुठल्या क्रमानं येतात, पोटातून काढलेल्या अन्नात धोत्रा होता हे कसं सिद्ध करायचं, हे सगळं ज्ञान आपल्याला मिळालं ते आरोपी पकडण्याच्या नादात. तेव्हाची एक तपासणी अशी की संशयित अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा आणि बाहुली मोठी होते का बघायचं. ही मांजराची युक्ती जर्मनीतल्या रुंगं नावाच्या विद्यार्थ्याची. १८१९ साली त्यानं ती प्रत्यक्ष कवी गोएटेला करून दाखवली, वनस्पती वेगळी होती, पण धोत्र्याच्याच कुळातली. गोएटे इतका खूश झाला की त्यानं त्याला कॉफीच्या बिया दिल्या, यातही काय आहे ते शोध म्हणून. त्यातून रुंगंनं कॅफिन शोधून काढलं. विषयांतर झालं, पण नाइट शिफ्ट करणाऱ्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बरं, मिरचीचं काय? तर या गोंधळाला वयाची मर्यादा आहे. धोत्रा आपल्याकडे जुना. संस्कृतात त्याला ‘कनक’ म्हणतात, ‘उन्मत्त’ म्हणतात, महाशिवरात्रीला त्याचं काटेरी फळ महादेवाला वाहतात. मिरची मात्र अमेरिकेतून आली, पोर्तुगीजांच्या जहाजातून, सोळाव्या शतकात. त्याआधी आपल्या आज्या-पणज्या तिखटाला मिरे वापरायच्या. म्हणजे ही चूक होण्यासाठी आधी मिरची यावी लागली. आणि आल्यावर कळलं की दोघी एकाच कुळातल्या आहेत. वांगं, टोमॅटो, बटाटा, तंबाखू, मिरची, धोत्रा, सगळी भाऊबंदकी. बिया सारख्या दिसणारच.

एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिरची आणि धोत्र्याच्या बियांमधला फरक पाठ असतो, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पण ज्या बायका दरवर्षी किलोकिलोनं मिरची निवडतात त्यांना कुणी हे सांगितलेलं मी ऐकलं नाही. म्हणून सांगतो. मिरचीचं बी गोलसर, पातळ, फिकट पिवळं आणि गुळगुळीत. धोत्र्याचं बी त्याहून मोठं आणि जाड, पिवळट तपकिरी, आकार मूत्रपिंडासारखा, आणि अंगावर बारीक खड्डे. भिंगातून, म्हणजे मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही, खड्डे दिसतात. उभं चिरलं तर मिरचीच्या बीतला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला असतो, धोत्र्याचा टोकाशी बाहेर वळतो. चवीनं मिरची तिखट आणि धोत्रा कडू, पण चव घेऊन ओळखायच्या फंदात पडू नका. भाजून, कुटून, कारळ आणि मिठात कालवल्यावर यातलं काहीच उरत नाही. दादाला चटणी थोडी कडसर लागली होती. कारळ जास्त भाजलं असेल असं त्याला वाटलं.

खरं म्हणजे जगात धोत्र्याचे मोठमोठे प्रसंग अपघाताचेच आहेत. १६७६ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला बंड मोडायला गेलेल्या इंग्रज सैनिकांनी धोत्र्याची कोवळी पानं पालेभाजी समजून उकडून खाल्ली. अकरा दिवस त्यांना भान नव्हतं, एक जण हवेत पीस फुंकत बसलेला, दुसरा त्यावर काड्या फेकतोय. शुद्धीवर आल्यावर काहीच आठवेना. इंग्रजीत या झाडाला जिमसनवीड म्हणतात ते त्या गावामुळे. आणि अगदी अलीकडे, २०१९ साली, युगांडात जागतिक अन्न कार्यक्रमानं वाटलेल्या पौष्टिक पिठातून तीनशेच्या वर लोकांना विषबाधा झाली, पाच जण दगावले. शोध घेतल्यावर पिठातल्या सोयाबीनपर्यंत माग गेला. सोयाबीनच्या शेतात धोत्रा उगवतो, कापणीत त्याचं बी मिसळतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या श्रोत्यांना सोयाबीनच्या शेतातलं तण म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. बांधावरचा धोत्रा फळ धरायच्या आत उपटा, एवढंच.

आता आजोबांच्या पुडीबद्दल, नाहीतर म्हातारा उगाच बदनाम व्हायचा. धोत्रा ओढल्यानं दम्याला तात्पुरता आराम पडतो हे खरं आहे, त्यातले अल्कलॉइड श्वासनलिका सैल करतात. १८०२ च्या सुमारास मद्रासकडून ही पद्धत ब्रिटनमध्ये गेली, जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं नेली. तिकडे डॉक्टरांनी ती उचलली, आणि पुढे धोत्र्याच्या पानांच्या दम्याच्या सिगारेटी दुकानात विकायला आल्या. विसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. आजोबा मागासलेले नव्हते, फार तर पन्नास वर्षं उशिरा होते. आता चांगले इनहेलर आहेत, चिलमीची गरज नाही. त्यांची चूक वेगळीच होती: पुडी कोनाड्यात, सैपाकघरात, नाव न लिहिता.

परत दवाखान्यात जाऊ. वांग्याची भाजी ऐकून डॉक्टरांनी मान हलवली आणि दादाच्या डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली हललीच नाही. मग काखेत हात घालून बघितला, कोरडी. आणि म्हणाले, "याला कुणी अट्रोपिन दिलंय का?"

हा प्रश्न त्यांना का सुचला ते मला बारा वर्षांनी एका डॉक्टर मित्रानं सांगितलं. आपल्या भागात फवारणीच्या औषधांची विषबाधा काही कमी नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांवर उतारा म्हणून अट्रोपिन देतात, आणि डोस जास्त झाला की पेशंट अगदी दादासारखा दिसतो: कोरडा, लाल, तापलेला, बाहुल्या मोठ्या, बडबडणारा. अट्रोपिन म्हणजे धोत्र्यात आणि त्याच्या भाईबंदांत सापडणारंच रसायन. जे एका पेशंटला वाचवतं तेच दुसऱ्याला लोळवतं. त्यामुळे शेतकरी भागातल्या डॉक्टरला हे चित्र डोळे झाकून ओळखता येतं. इतिहास न सांगता त्यांनी निदान केलं, हे त्यांचं कौशल्य. पण पेशंट पंधरा वर्षांचा, ताप चढलेला, बडबडतोय. मेंदूज्वर नाही ना, हे बघण्यात वेळ गेलाच. चटणी म्हटलं असतं तर तो वेळ वाचला असता.

उतारा कुठला? एक आहे, आणि त्याची गोष्ट भारी आहे. नायजेरियाच्या कॅलबार भागात आरोपीला एक विषारी बी खायला घालून दिव्य करायचे. जगला तर निर्दोष. या कॅलबार बीच्या अर्कानं डोळ्याची बाहुली लहान होते हे एडिंबरोमध्ये १८६० च्या दशकात कळलं, म्हणजे अट्रोपिनच्या बरोबर उलट. १८६४ साली प्रागमध्ये काही कैद्यांनी दारू समजून अट्रोपिन पिलं, आणि क्लाइनवेख्टर नावाच्या डॉक्टरनं त्यांना हा अर्क देऊन बघितला. गुण आला. त्यातलं औषध म्हणजे फायसोस्टिग्मिन, आजही गंभीर पेशंटला मॉनिटर लावून, अगदी हळू, शिरेतून देतात. म्हणजे दिव्याच्या बीनं धोत्र्याच्या बीला उतारा. फक्त ते सगळीकडे ठेवलेलं नसतं. दादाला ते मिळालं नव्हतंच.

त्याला मिळालं ते साधंच होतं आणि पुरलं. नळीनं पोट धुतलं, कोळशाची पूड दिली. धोत्र्यानं पोटाची हालचाल मंदावते, बी आतच रेंगाळतं, म्हणून उशिरा आलेल्या पेशंटलाही याचा उपयोग होऊ शकतो. सलाइन. झटके येऊ नयेत आणि शांत राहावा म्हणून डायझेपामच्या गटातलं इंजेक्शन. घाम बंद असल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ओल्या फडक्यांनी सतत अंग पुसणं. लघवी अडते, म्हणून नळी. वेड लागलंय असं समजून दिलेली मानसिक आजाराची काही औषधं इथं त्रास वाढवतात, हे त्या डॉक्टरांना माहीत होतं. दादा दोन दिवसांत भानावर आला. बाहुल्या मात्र आठवडाभर मोठ्याच होत्या, वाचायला घेतलं की अक्षरं पुसट दिसायची. त्यानं ते कारण दाखवून अभ्यास महिनाभर टाळला.

घरी काय करायचं हे ऐकणाऱ्यांसाठी, जे मी त्या मित्राला विचारून लिहितोय: उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, तूप, काही पाजायचं नाही. गिळता येत नसतं, गुंगीत असतो, ते श्वासनलिकेत जातं. एकटं सोडायचं नाही, असा माणूस चालत जाऊन विहिरीत पडू शकतो. सावलीत, मोकळ्या हवेत ठेवायचं. १०८ ला फोन. आणि जे खाल्लं ते, उरलेली चटणी, पुडी, बी, डब्यात घालून बरोबर न्यायचं. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. डॉक्टरही तिथं फोन करतात, आपणही करू शकतो. आत्ताच सेव्ह करा, स्क्रीनशॉट काढून विसरू नका.

मसाल्याच्या डब्यातलं आणखी एक नाव घेतो, कारण घराघरात बाळगुटी आहे. जायफळ. पुरणात किसून टाकतो तेवढं ठीक. पण १५७६ साली लोबेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं एका गरोदर इंग्रज बाईची नोंद केली, जिनं दहा-बारा जायफळं खाल्ली आणि भ्रमात गेली. १८२९ साली पुर्किनये या शास्त्रज्ञानं स्वतः तीन जायफळं खाऊन काय होतं ते लिहून ठेवलं: गुंगी, भास, वेळेचं भान जाणं. लेकरू झोपावं म्हणून आज्या सहाणेवर जायफळ उगाळतात, आणि एक वेढा कधी तीन होतो ते कळत नाही. तोंड कोरडं, धडधड, लालसर चेहरा, गुंगी, हे जायफळाचंही चित्र आहे. तान्ह्या बाळाला देऊ नका. आजी रागावेल, रागावू दे.

आता पोलीस. विषबाधेचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. तो नियमाचा भाग आहे, कुणावर आरोप नाही. पण आमच्या घरी हे कुणाला माहीत होतं? काकांना वाटलं, चटणी म्हटलं की कागदावर बायकोचं नाव येणार. आजोबांना तर जीपमध्येच कळलं होतं. पुडी कुठली ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं. ते गप्प बसले. एकीकडे नातू, दुसरीकडे सून, आणि तिसरीकडे स्वतःच्या पुडीमुळे दारात येणारे पोलीस. रात्री अकराच्या सुमारास ते उठले आणि डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, माझी पुडी हाय ती. दम्याची."

कलम ३२८ मध्ये हेतू हा शब्द किती महत्त्वाचा आहे हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते संध्याकाळीच बोलले असते, असं मला वाटतं. पोलीस दुसऱ्या दिवशी आले, जबाब घेतला, चहा न पिता गेले. प्रकरण तिथंच मिटलं.

घरात मात्र मिटलं नाही. काकूनं वर्षभर चुलीला हात लावायच्या आधी आजीला हाक मारली. प्रत्येक भाजी वाढण्याआधी स्वतः सगळ्यांसमोर खाल्ली. मंगळवारचा उपवास तिनं सोडला. ती म्हणायची, जमत नाही आता, पित्त होतं. आम्ही पोरं होतो, आम्हाला खरं वाटलं.

हा एपिसोड करायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, सांगू का हे सगळं. ती म्हणाली, "सांग की. पण वांग्याच्या भाजीचं तेवढं गाळ. तुझ्या काकाला अजून लाज वाटतीय." मग थोडं थांबून म्हणाली, "नको, ऱ्हाऊ दे. सांग."

दादाचं आता उमरग्यात मोबाइलचं दुकान आहे. त्याला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की दोरे हिरवे होते.